सव्वा किलोचा नवरदेव

ये, अशी जवळ येऊन बस. दुरून हं हं करत ऐकायची ही गोष्ट नाही. परवा फोनवर मी सांगायला लागले तर तुझं आपलं "हो आजी, हं आजी" आणि मागे बोटांची टकटक चालूच. मला कळत नाही असं वाटतं का तुला? दोन वर्षं तुझ्यासमोर बसून मी भाज्या निवडल्या आहेत. तू ऐकत असलीस की तुझी बोटं थांबतात. म्हणून म्हटलं, आता बोलायचं नाही, लिहूनच काढायचं. तू मराठी वाचतेस ती एकेका शब्दावर बोट ठेवून. म्हणजे हे वाचताना तरी तुझी बोटं माझ्याकडे राहतील.

लिहिते आहे ते नेहमीच्याच कागदावर. तुझे आजोबा रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते, तेव्हा त्यांनी स्टेशनातून रिझर्वेशनच्या जुन्या चार्टांचे गठ्ठे आणून ठेवले होते. दोन्ही कडांना भोकं असलेला तो लांबलचक कागद. एका बाजूला कुठल्या कुठल्या प्रवाशांची नावं, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर मी लिहायला शिकले, म्हणजे नुसती अक्षरं नव्हे, मनातलं लिहायला. शाळा माझी भुसावळला सातवीपर्यंत झाली. पुढचं सगळं इकडे हिंदी मुलखात आल्यावर, या कागदावर.

तर काय सांगत होते. परवा तू फोनवर म्हणालीस, "आजी, मी आता लॅपटॉपजवळ काहीच खात नाही. चहापण बाहेर जाऊन पिते. माझीच गलती होती ना ती." आणि हसलीस. फोन ठेवल्यावर मी पुढ्यातली पोळी तशीच ठेवून उठले. तुझी मम्मी विचारत होती, आई काय झालं. काही नाही म्हटलं. पण झालं होतं. तेच आज सांगायचं आहे, आणि ते सांगायचं तर आधी मला जुन्या लॅपटॉपबद्दल बोलावं लागेल.

तुझ्या पप्पांच्या ऑफिसातला तो काळा धोंडा. त्याची बॅटरी कधीच मेलेली. वायर काढली की बंद. आणि आपल्या घरात त्याच्या वायरीला पुरेल असा बोर्ड एकच, जेवणाच्या टेबलाजवळ, माझ्या स्वयंपाकघराच्या दाराला लागून. म्हणून तू गोपालपुऱ्याहून कोचिंग आटपून यायचीस, दोन घास खायचीस आणि तिथेच बसायचीस. उचलून नेणार कुठे? समोर मी. थंडीत वाटाणे, उन्हाळ्यात गवार, मध्ये कधी तांदूळ निवडायला घ्यायचे, तांदळात काही नसलं तरी. तू मधूनच म्हणायचीस, आजी, हे बघ, डीएनए असा असतो. मला तो वेणीसारखा दिसायचा. मी तसं म्हटलं की तू हसायचीस आणि मग तुला ते पाठ व्हायचं. कधी चिडायचीस, म्हणायचीस आजी किती सवाल करतेस. पण उठून जायची नाहीस. जाता येत नव्हतं ना.

मला वाटायचं तू माझ्यासाठी बसतेस. वायरीसाठी बसत होतीस हे मला नवा लॅपटॉप आल्यावर कळलं.

पुण्याची ॲडमिशन पक्की झाली आणि निघायच्या पाच दिवस आधी ते खोकं आलं. खोकंसुद्धा केवढंसं. तू टेबलावर ठेवून उघडलंस, आतून ते चपटं, चंदेरी काढलंस आणि एका हातावर तोलून धरलंस, जसा आचारी परात धरतो. "आजी, पकड ना, बघ किती हलका आहे." मी हात मागे घेतला, म्हटलं माझे हात ओले आहेत. ओले नव्हते. पुढे काय झालं ते तुला आठवणारही नाही, मला आठवतं. तू ते उचललंस आणि पलंगावर जाऊन पालथी पडलीस. मग बाल्कनीत गेलीस. मग जिन्यात बसलीस. पूर्ण घरभर ते घेऊन फिरलीस, आणि संध्याकाळी मी टेबलावर गवारीचं ताट घेऊन बसले तर समोरची खुर्ची रिकामी. त्या धोंड्याची वायर नुसती लोंबत होती.

तेव्हा माझ्या पोटात दुखलं. खरं सांगते, या वयात असं दुखेल असं वाटलं नव्हतं. सत्तरी उलटल्यावर माणूस शहाणं होतं म्हणतात. मी नाही झाले. एका यंत्राचा मला इतका राग आला की तू नसताना मी ते भाजीच्या काट्यावर ठेवून पाहिलं. सव्वा किलो. एवढ्या वजनाचा तर मी दुधी आणते. एवढ्याशा वस्तूनं माझी दोन वर्षांची जागा घेतली.

आणि राग नुसता त्याचाच नव्हता गं. तुझाही होता. तू मागितलंस आणि मिळालं. मागितलंस तरी कुठे, पप्पांनी स्वतःच विचारलं, कुठल्या रंगाचा हवा. मला कोणी कधी शिकण्यासाठी म्हणून एखादी वस्तू आणून दिली नाही. माझ्या मोठ्या भावाला मिळाली होती. तो कॉलेजला जाऊ लागला तेव्हा वडलांनी त्याला नवी कोरी सायकल घेतली. माझी शाळा त्याच वर्षी सुटली. ती सायकल पुसायचं काम माझ्याकडे. मी रोज तिच्या चाकाचा आरसा करायची आणि एक आठवडाभर रोज सकाळी मागच्या चाकातली थोडी हवाही सोडायची. तो बिचारा पायी सायकल ढकलत निघायचा, पंक्चरवाल्याला शिव्या देत. मग मी त्याच्याबरोबर वळणापर्यंत चालत जायची. त्या वळणापर्यंत तो मला कॉलेजातलं सांगायचा. भाऊ गेला, त्याला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. म्हणजे बघ, हा हात माझा जुनाच आहे.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी पूजेचं ताट केलं. आपल्या घरची पद्धत तुला माहीत आहे. खंडेनवमीला आजोबा आपला पाना, हातोडी, पक्कड रॉकेलनं धुऊन पाटावर मांडायचे. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. नवीन वस्तू घरात आली की तिच्यासाठी नवमीची वाट बघायची नाही, आली की लगेच. शिलाई मशीन, मिक्सर, कूलर, पप्पांची स्कूटर, सगळ्यांची झाली. आणि आजोबांचा एक नियम होता. ते म्हणायचे, हत्याराच्या पाठीला काय कुंकू लावता, ज्या बाजूनं ते काम करतं त्या बाजूला लावा. पान्याच्या तोंडाला, कात्रीच्या पात्याला. म्हणून मी म्हटलं, उघड ते, वरच्या झाकणाला मी लावणार नाही.

तू उघडलंस, पण तोंड केवढं केलं होतंस. "आजी, मतलब, त्याला कुंकू कशाला? तो काय नवरदेव आहे?"

"नवरदेवच आहे," मी म्हटलं. "तुला घेऊन चाललाय ना."

तू खळखळून हसलीस. तुझी मम्मी आतून म्हणाली, आई, जरा कमी लावा हं कुंकू. सगळ्यांना विनोद वाटला. मी विनोद केला नव्हता.

बोटाच्या टोकाएवढं कुंकू मी अगदी कडेला लावलं, एवढी अक्कल मला होती. मग कुंकवात भिजवलेल्या अक्षता टाकल्या. लोखंडाच्या पान्यावर आजवर टाकल्या, स्कूटरवर टाकल्या, कोणाला काही झालं नाही. तेवढ्यात तुझा फोन वाजला. कोचिंगच्या मैत्रिणीचा. तू उठता उठता म्हणालीस, "आजी, झालं की तसंच राहू दे, बंद नको करू, मी येऊन करते." आणि बाल्कनीत गेलीस.

आता नीट ऐक.

मी पदरानं अक्षता झाडल्या. सगळ्या झाडल्या, एक सोडून. वरच्या कोपऱ्यात, जिथे ते झाकण जोडलेलं असतं तिथे, दोन बटणांच्या फटीत एक दाणा अडकला होता. मला दिसला. नखानं काढता आला असता. मी काढला नाही. मनात आलं, राहू दे. पुण्याला एवढं सगळं तुझ्याबरोबर जाणार, त्यात माझं काय जाणार? लाडू चार दिवसांत संपतील, चादर तू वापरणार नाहीस. हा एक दाणा तरी याच्या पोटात बसून जाईल. ही माझी माया झाली. इथवर मी देवासमोरही सांगू शकते.

पण मग मी ते झाकण मिटलं. तू नको म्हणाली होतीस तरी. आणि ते मिटता मिटता बाल्कनीतून तुझं बोलणं ऐकू आलं. तू मैत्रिणीला सांगत होतीस की हा इतका मस्त आहे, आता मला त्या किचनच्या दारात नाही बसावं लागणार. झाकण तर आधीच मिटलं होतं. तरी मी वरून तळहात ठेवला आणि दाबलं. कणकेच्या डब्याचं झाकण दाबतो तसं. आतून बारीकसा आवाज झाला, पापडाचं टोक मोडावं एवढाच. मी हात काढला. मला वाटलं, नवं आहे, बसतं आहे.

खरंच तसं वाटलं की वाटून घेतलं, हे मला आजही सांगता येत नाही.

तू आलीस, त्याला तसंच उचलून पाठीवरच्या पिशवीत टाकलंस आणि गोपालपुऱ्याला मैत्रिणींना दाखवायला गेलीस. दोन तासांनी सिटी बसमधून रडत परत आलीस. डोळे लाल, वेणी सुटलेली. टेबलावर ठेवून उघडलंस. पडद्याच्या कोपऱ्यातून रेघा फुटलेल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, त्यातून हिरवे जांभळे रंग पाझरत होते. पप्पा धावत आले. तुम्ही दोघं पडद्याकडे बघत होतात. मी खाली बघत होते. झाकण उघडताना एक दाणा टेबलावर पडला होता. लालसर. मी त्याच्यावर हात ठेवला. मग जीभ लावून बोट ओलं केलं, तो उचलला आणि देवघरात जाऊन कुंकवाच्या करंड्यात टाकला. इतक्या सफाईनं केलं की मलाच माझी भीती वाटली.

मालवीय नगरातल्या दुकानात पप्पा ते घेऊन गेले. आले ते चिडूनच. दुकानदार म्हणाला होता, अंदर कुछ दब गया था, दाने जैसा. पप्पांनी विचारलं, तिथे काय खात होतात सगळ्या? तू म्हणालीस, कचोरी. झालं. "कचोरी खात खात दाखवत होतीस ना? इतकी लापरवाह मुलगी मी पाहिली नाही. तिथे पुण्यात काय करणार आहेस तू?" तू आधी नाही नाही म्हणत होतीस, मी हात पुसले होते म्हणत होतीस. मग हळूहळू तुझा आवाज बारीक झाला. म्हणालीस, "असेल पप्पा. कचोरीचा कण असेल." जे तू केलंच नव्हतंस ते तू माझ्या डोळ्यांसमोर कबूल केलंस. मी पाण्याचा पेला घेऊन उभी होते. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, पाणी पी.

का नाही बोलले? पप्पा मला ओरडले नसते. फार तर म्हणाले असते, आई, तुझ्या त्या पूजा. तुला कळलं असतं तर तू गळ्यात पडून म्हणाली असतीस, जाऊ दे आजी. त्याचीच भीती होती. तुम्ही सगळ्यांनी त्याला म्हाताऱ्या बाईची भाबडी चूक म्हटलं असतं, आणि मला मनातून माहीत होतं की ती सगळी भाबडी नव्हती.

पडदा दिल्लीहून यायचा होता, म्हणाले दहा-बारा दिवस. म्हणून तू निघालीस ती जुना धोंडा घेऊन. स्टेशनवर पप्पांनी ती पिशवी तुझ्या खांद्यावर दिली तेव्हा तू एका बाजूला कललीस. मला आधी बरं वाटलं, हेही लिहूनच टाकते. वाटलं, आता तिथेही ही एका जागी बसेल, बोर्डाजवळ, आणि हिला हे घर आठवेल. आठवडाभरानं तू फोनवर म्हणालीस की लायब्ररीत एकाच खांबाला प्लग आहे, तिथे आधीच कोणी बसलं असेल तर तू खोलीवर परत येतेस, खांदा दुखतो, रात्री बाम लावतेस. तेव्हा त्या बरं वाटण्याची मला लाज वाटली.

नवा पडदा लागून तो घरी आला आणि पप्पा ऑफिसच्या कामाला पुण्याला निघेपर्यंत दोन दिवस माझ्याजवळ राहिला. तुला हे कोणी सांगितलेलं नाही, कारण कोणाला माहीतच नाही. पप्पा-मम्मी कामावर गेले की मी त्याला उचलायची. आधी पलंगावर नेला. मग जिन्यात. मग बाल्कनीत जाऊन खुर्चीत बसले आणि मांडीवर घेतला, मिटलेलाच. उघडायची हिंमत नव्हती. समोरच्या गच्चीवर मोर ओरडत होते. काय करावं कळेना, म्हणून आतून गवार आणली आणि त्याच्यावर जुना चार्टचा कागद पसरून निवडत बसले. इतकं सपाट, इतकं हलकं, मांडी अवघडत नाही. तेवढ्यात शेजारच्या बाल्कनीतली बाई म्हणाली, "आंटीजी, आप भी लैपटॉप सीख रही हो?"

मी म्हटलं, "हाँ जी."

गवार पटकन कागदात गुंडाळली आणि पाठ सरळ करून बसले. ती आत जाईपर्यंत तशीच बसून राहिले. एवढा वेळ तो माझा होता. त्याच्यावरचा माझा राग त्या वेळी कुठे गेला कोण जाणे. मला कळलं की मला तो मोडायचा नव्हता. मला तो हवा होता. आणि तू हवी होतीस. दोन्ही एकदम नको तिथे दाबलं गेलं.

संध्याकाळी पप्पांनी तो बॅगेत भरला. मी म्हटलं, झाकण एकदा उघडून बघ, आत काही राहिलं नाही ना. ते म्हणाले, आई, तू कधीपासून इतकी काळजी करायला लागलीस त्याची. मी गवारीची भाजी ढवळायला गेले.

तर असं आहे. कचोरीचा कण नव्हता. तुझा काही दोष नव्हता. पप्पांनाही मी आज जेवताना सांगणार आहे. हे पत्र पोस्टात पडायच्या आधी सांगणार, म्हणजे मागे फिरता येणार नाही. तू आपली खुशाल त्याच्याजवळ बसून खा. चहा पी. सांडू नकोस फक्त.

दाणा मी टाकलेला नाही. करंड्यात आहे, कुंकवात आता ओळखू येत नाही, पण मला बोटाला लागतो.

तू रागावशील. रागाव. पण फोनवर नको रागावूस, फोनवर तुझा राग खरा की टकटक चालू ठेवून केलेला, ते मला कळत नाही. इथे ये आणि समोर बसून रागाव. खंडेनवमी जवळ आली आहे, कॉलेजला दसऱ्याची सुट्टी असेलच. आजोबांचा पाना मी धुऊन ठेवते. पाटावर त्याच्या शेजारी जागा सोडते, तुझ्या त्या सव्वा किलोच्या नवरदेवासाठी. अक्षता टाकणार नाही, कुंकूही तूच लाव, जिथे चालेल तिथे. मी नुसतं झेंडूचं फूल शेजारी ठेवीन. आणि टेबलाजवळचा बोर्ड आता रिकामाच आहे. हवा तर तिथे बस, नको तर बाल्कनीत बस, मी ताट घेऊन तिकडे येईन. लवकर ये.